पाण्याखाली बोललेले काका

आमच्या डायव्हिंग क्लबची मोहीम मालवणला गेली, तेव्हा बुडालेलं जहाज पाहायला जोडीदार म्हणून मला हुपरीचे एक अनोळखी काका मिळाले. पैंजण घडवणारे, बोलताना दोन्ही हात हलवायचे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, मोठ्यांपुढे माझी जीभ अडते. त्या एका बुडीसाठी मी वर्षभर कळंबा तलावात सराव केला होता.

खाली हिरव्या उजेडात जहाज धूसर दिसू लागलं आणि काका चक्क "आयला!" म्हणाले. तोंडातली हवेची नळी सुटली. मी ती परत त्यांच्या तोंडाशी धरली, पण ते घाबरून वर निघाले. जोडीदार वर निघाला की आपणही निघायचं, हा नियम.

नावेत ते खोकत म्हणाले, "तू कशाला आलास रं? बघायचं हुतंस की!"

"तुम्हाला एकटं कसं सोडणार?"

दुसरी बुडी मिळणार नव्हती. परतीच्या बसमध्ये काका हळूच म्हणाले, "लेका, मला नीट दिसलंच न्हाय. कसं हुतं, सांग की."

मी अडखळत सुरुवात केली. शेवाळ सांगितलं, मासे सांगितले. ते डोळे मिटून ऐकत होते. घाट चढून झाला तरी मी बोलतच होतो, आणि केव्हापासून तरी न पाहिलेलंही सांगत होतो.