फोन उचलायचा नसतो

वर्षभर एका खुर्चीत बसलं की किस्से टेबलाखाली साठत जातात. एरवी दिसत नाहीत, पण कोणी चहाला आलं आणि आपण जरा पाय लांब केले की एकेक पायात यायला लागतो. पैठणच्या अलीकडच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची इन्चार्ज होऊन मला परवा वर्ष झालं. मैत्रिणी विचारतात, "कसं गेलं गं?" मी म्हणते, "दचकत."

पहिली खटकलेली गोष्ट तशी अगदी छोटी होती. रुजू झाले, सही केली, खुर्चीच्या टोकावर बसले. बाहेर शेजूळ सिस्टरांच्या टेबलावर केंद्राचा मोबाइल वाजला. दोन रिंगा झाल्या आणि बंद पडला. तो उचलायला कोणी हातसुद्धा पुढं केला नाही. सिस्टर शांतपणे उठल्या आणि बाळंतपणाच्या खोलीत पाणी तापवायला गेल्या.

"सिस्टर, फोन कोणी उचलला नाही."

"उचलायचा नसतो, मॅडम."

अर्ध्या तासात दारात रिक्षा थांबली. आत कळा देणारी बाई.

आमच्याकडं रेंज अशी की बोलणं अर्धं पोचतं, रिंग मात्र पूर्ण पोचते. त्यामुळं गावांनी आणि सिस्टरांनी मिळून कधीकाळी ठरवून टाकलेलं. एक रिंग म्हणजे आमचे आम्ही येतोय. दोन म्हणजे बाळंतपण आहे, तयारी ठेवा. तीन म्हणजे गाडी पाठवा. इकडून उलटी एक रिंग गेली की समजायचं, कळलं. मेडिकल कॉलेजात साडेपाच वर्षांत हे कोणी शिकवलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. उद्या कोणी चुकून एक रिंग कमी मोजली तर?

*

मी दचकते हे तिसऱ्या दिवशीच सगळ्यांना कळलं. शहरात, शहागंजात दुकानाच्या वर वाढलेली मी, हॉर्न आणि भांडणं ऐकत अभ्यास केलेली. पण इथल्या शांततेत कोणी मागून नुसतं "मॅडम" म्हटलं तरी माझ्या हातून पेन पडायचं. सिस्टरांनी त्यावर उपाय काढला. केबिनमध्ये येण्याआधी त्या खोकायला लागल्या. मग फार्मासिस्ट खोकायला लागले. मग झाडणाऱ्या मावशी.

एक दिवस केसपेपर काढायला आलेले आजोबा म्हणाले, "सगळेच खोकतेत इथं. औषध संपलं व्हय तुमच्याकडचं?"

*

आमचे ड्रायव्हर रहीमचाचा. पांढरी दाढी, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. एकदा मी ओपीडीत बसलेले आणि ते गाडीची लॉगबुक घेऊन शेजारच्या स्टुलावर. एक शेतकरी काका आले, माझ्याकडं पाठ केली, आणि शर्टाची बटणं काढत चाचांना सगळं सांगायला लागले. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, काय खाल्लं. चाचांनी मधे अडवलं नाही. ऐकून घेतलं, मग माझ्याकडं वळून अदबीनं म्हणाले, "मॅडम, इनकू गॅस हो गया दिसता."

मी तपासलं. गॅसच होता.

काका जाताना चाचांच्या पाया पडले. मला म्हणाले, "सिस्टर, गोळ्या लौकर द्या."

*

इन्चार्ज आहोत तर काही बदललं पाहिजे, असं मला दुसऱ्या महिन्यात वाटलं. मी नोटीस लावली: 'प्रत्येक फोन उचलणे बंधनकारक आहे.' खाली सही, शिक्का.

दुसऱ्या दिवशी वाडीवरच्या आशा कार्यकर्तीनं, मंगलताईनं, एक रिंग द्यायला फोन लावला. सिस्टरांनी आदेशाप्रमाणं उचलला. "हॅलो" म्हणाल्या. तिकडून फोन कट.

तासाभरात मंगलताई नवऱ्याच्या मोटारसायकलवर हजर. मागं आणखी दोन गाड्या, वाडीतली चार माणसं. डोळे लाल.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," सिस्टर म्हणाल्या.

"मग फोन का उचलला?"

नोटीस मी स्वतःच काढली. चिकटपट्टीचे चार डाग अजून भिंतीवर आहेत.

*

आणि जिल्ह्याचे मोठे साहेब आले तो दिवस. आधी कळवावं म्हणून त्यांनी वाटेतून फोन केला. नवा नंबर. दोन रिंगा झाल्या आणि त्यांची रेंज गेली.

साहेब पोचले तेव्हा फाटक उघडं होतं, स्ट्रेचर दारात, पाणी तापलेलं, टेबलावर स्वच्छ चादर, आणि सिस्टर हातमोजे घालून पायरीवर. साहेबांच्या मागं बघत त्यांनी विचारलं, "पेशंट कुठंय?"

"मीच आलोय," साहेब म्हणाले.

सिस्टरांनी त्यांना एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. मी केबिनच्या दाराला धरून उभी होते.

भेटीच्या वहीत साहेबांनी एकच ओळ लिहिली: 'सज्जता उत्तम.'

*

आता सखूचं सांगते. कारण खरं तर वर्षातले शेवटचे दोन महिने मी तिच्याच काळजीत काढले.

सखूची माणसं मेंढरंवाली. गावामागच्या पडीक रानात त्यांचा वाडा उतरलेला, म्हणजे पालं आणि जाळीत मेंढ्या. पहिली खेप, एकोणीस-वीस वर्षांची पोर, आणि बीपी वर. गोळ्या सुरू केल्या. पण कळा सुरू झाल्या की तिनं लगेच माझ्यासमोर यायला हवं होतं. बीपी आणखी चढलं तर तिला वेळेत पुढं पाठवता आलं पाहिजे. रानात बाळंत झाली आणि झटका आला, तर आई आणि बाळ दोघंही गेली असती. मी हे सगळं पुस्तकातल्यासारखं तिच्या सासूला समजावलं. सासूनं ऐकून घेतलं.

"आमच्या मेंढ्या रानातच व्यातेत, मॅडम."

सिस्टरांनी बीपीचा पट्टा गुंडाळत विचारलं, "आन् मेंढी अडली तर काय करता, मामी?"

"हात घालावा लागतो."

"मग तेच म्हणतेत मॅडम. हात घालायला माणूस जवळ पाहिजे."

मामींनी माझ्या हातांकडं पाहिलं. "लई बारीक हायेत," म्हणाल्या. पण तयार झाल्या.

पुढचा प्रश्न फोनचा. पालात एकच फोन, तो सखूच्या नवऱ्याकडं, भिवाजीकडं, आणि भिवाजी दिवसभर मेंढरांमागं. मी म्हटलं, नववा लागला की फोन सखूजवळ राहू दे. भिवाजी म्हणाला, "रानात काय लागलं तर?"

मामी म्हणाल्या, "मेंढ्या काय तुला फोन करतेत व्हय? ठेव इथं."

फोन मामींच्या कमरेच्या पिशवीत गेला. मग मी, नोटीस लावणारी मी, पालासमोर बसून मामींना एक-दोन-तीन शिकवलं. चार वेळा म्हणून घेतलं. आमची रिंग आली तर उचलायचा नाही, ती 'कळलं'ची असते, हेही सांगितलं. मामी म्हणाल्या, "येवढं कळतंय मला. एक, दोन, तीन. मेंढ्या मोजतो आम्ही."

*

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला केंद्राचा फोन वाजला. भिवाजीचा नंबर. एक रिंग आणि बंद. सिस्टरांनी उलटी एक रिंग दिली.

"येतेत त्या," म्हणाल्या.

पालापासून केंद्र गाडीनं वीस मिनिटं. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मी फाटकापर्यंत तीनदा जाऊन आले. एकच रिंग का? कळा असतील तर दोन हव्यात, गाडी हवी तर तीन. मामींनी देताना मधेच सोडली असेल तर? सखूनं फोन हातात घेतला आणि तिथंच काही झालं असेल तर?

"बसा, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "एक म्हणजे येतेत."

चाचा म्हणाले, "एक रिंग बजी तो आतेच."

मला बसवेना. मी बीपीचं मशीन आणि इंजेक्शनची पेटी उचलली आणि गाडीत जाऊन बसले. चाचा किल्ली घेऊन मागोमाग आले. पक्क्या रस्त्यानं निघालो. मी माझ्या मोबाइलवरून भिवाजीचा नंबर लावला. चार रिंगा झाल्या आणि रेंज गेली. पुन्हा लावला. पुन्हा. रस्त्यावर एक ट्रॅक्टर, दोन म्हशी, बाकी कोणी नाही. मधेच केंद्राचा नंबर माझ्या फोनवर दोन रिंगा वाजून थांबला. आत्ता सिस्टरांनी काय काढलंय, म्हणून मी चिडले आणि परत भिवाजीचाच नंबर लावला.

चाचांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, दो रिंग बजी क्या?"

"चाचा, तुम्ही गाडी चालवा."

पालापाशी पोचलो. जाळीत चार कोकरं, चुलीत विझलेली राख. माणूस नाही. सखूची गोधडी दोरीवर वाळत घातलेली. मी पालात डोकं घातलं, बाहेर आले, पुन्हा घातलं. पलीकडून पाणी घेऊन येणाऱ्या बाईनं सांगितलं, "कवाच गेल्या. पाव्हण्याच्या टेम्पोत. कालव्याच्या वाटेनं."

कालव्याची वाट लांबची, खड्ड्यांची. माझ्या डोळ्यांसमोर नको ते सगळं आलं. पुन्हा नंबर लावला. सहा रिंगा. सात. आठ. मी मोजत होते. वर्षभरात सवयच लागली होती. चाचांनी तोवर गाडी वळवूनही ठेवली होती, तोंड केंद्राकडं.

दहावी रिंग झाली आणि कोणीतरी उचलला.

"मॅडम," मामींचा आवाज, अगदी स्पष्ट, आणि मागं शेजूळ सिस्टरांचं खोकणं. "धा रिंगांचं तू काय शिकवलं न्हवतं, म्हनून उचलला. सखूला घिऊन आमी तुझ्या दवाखान्यात हाव. सिस्टरनं पाणी ठिवलंय. तू कुठं गेलीस?"