कुटलेली खारीक

आजी गावाला गेली की तेवढ्यापुरती कोठीची किल्ली चंद्राकाकूकडे यायची. मग शेजारणी उसनं मागायला लगोलग हजर. काकू पितळेचं मापटं ज्वारीने भरायची, जमिनीवर आपटायची, दाणे खाली बसले की वरून आणखी ओंजळ टाकून तळव्याने दाबायची. घेणारी संकोचून "बस झालं" म्हणायची. "बस कसं? मापात निस्ती हवा देऊ का तुला?" काकू तिच्यावरच डाफरायची.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती माझी चुलती, पण माझ्याहून थोडीच मोठी, त्यामुळे आमचं मैत्रिणींसारखं. हसू आवरेना की पदर तोंडात कोंबायची. तिला माहेर उरलं नव्हतं. रेणापूरचं आमचं घर आणि सासू, म्हणजे माझी आजी, तिची आत्याबाई, एवढंच तिचं जग.

मोठ्या दुष्काळाच्या साली मी पहिल्या बाळंतपणाला नांदेडहून माहेरी आले. विहिरी आटलेल्या, गोठा रिकामा. माझ्या अंगावर दूध नव्हतं, बाळ रडून रडून थकायचं. काकूलाही दिवस होते. कोठीतली खारीक दोघींच्या लाडवांना पुरवायची होती. आजीने सांगून टाकलं, "एकेकीला एक मापटं. वरतून मागायचं न्हाई." त्या एका मापट्याच्या लाडवांनी मी उठून बसले. बाळाचं पोट भरायला लागलं आणि उरलेले लाडू घेऊन मी नांदेडला परतले.

पुढे लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत यांची बदली झाली. काकूला कोण आनंद! "आता तुझा जिल्हा आमच्या वेशीलाच आला की गं!" त्याच वर्षी माझी नणंद बाळंतपणाला आमच्याकडे आली. तीही अगदी वाळून गेलेली, सासूबाई काळजीत. मी ऐटीत म्हटलं, आमच्याकडचे लाडू करते. पण बाजारात सगळं किलोवर. म्हणून घरचंच मापटं दुकानात नेलं, त्यात खारीक भरली, तोलून घेतली आणि त्याच बेताने बाकीचं सामान आणलं. लाडवांना चव आली ती नुसती डिंकाची. नणंदेने एक कसाबसा खाल्ला आणि डबा बाजूला सरकवला.

तो डबा घेऊन मी रेणापूर गाठलं. काकूने लाडू फोडला, जिभेवर ठेवला.

"ह्याच्यात खारीक कुठं हाय?"

"एक मापटं घातली. आजीने मला दिली होती तेवढीच."

काकूने उठून दार लोटलं. आजी वारून दोन वर्षं झाली होती, तरी आवाज खाली आणला. "आख्खी मोजलीस न्हवं? आख्ख्या खारकेत निम्मं माप मोकळंच ऱ्हातं. मी आत्याबाईला म्हणलं, कीड लागून राहिली, सगळी कुटून ठिवते. मग पुडीचं मापटं त्यांनीच भरून दिलं, त्यांच्या हातानं! माप तेवढंच, पर खारीक दुप्पट गेली तुझ्या लाडवात." आणि पदर तोंडात.

मीही पोट धरून हसले. मग मध्येच थांबले. "आणि तुझी पाळी आली तेव्हा?"

"डबा खरवडला. आत्याबाई म्हणल्या, हिनं चोरून खाल्ली."

"तू खरं का नाही सांगितलंस?"

"तुझे उरलेले लाडू नांदेडला जायचे व्हते. ते काढून घेतले असते त्यांनी. माझं काय, मला दूध व्हतं."

मला तिथेच रडू कोसळलं. चोरीचा तो आळ घरभर झाला होता, बाळंतिणीच्या खोलीत माझ्या कानावर तेवढा आला नव्हता, आणि ही बाई इतकी वर्षं तो मुकाट्याने सोसत आली होती.

लातूरला येऊन मी खारीक कुटली, पुडीने मापटं भरलं आणि मग तोललं. लाडू जमले. एक डबा नणंदेला दिला. दुसरा भरून पुन्हा रेणापूरला गेले.

"काकू, हे तुझ्या बाळंतपणाचे."

"येडी का काय! पोरगं चौथीला हाय माझं!" म्हणत तिने एक उचलला. सावकाश खाल्ला, अगदी शेवटच्या कणापर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून एक दे."