जर्मन मंत्र्याचा सत्कार

नव्वदच्या दशकात पठारावरच्या आमच्या आणे गावात इतिहासाच्या निवृत्त गुरुजींनी एक नाटक लिहिलं. लष्करी शाळेतला एक जर्मन मुलगा पुढे सेनापती होतो, ऐन महायुद्धात युद्धमंत्री होतो आणि मग कचेरीत बसून छावणीसाठी झुरतो, अशी कथा. सेनापती अर्थातच मी. अंगात बँडवाल्याचा कोट आणि ओठांवर घोड्याच्या शेपटीच्या मिशा. शेवटच्या प्रवेशात मंत्री एकटाच खिडकीशी उभा राहून आपल्या शिपायांना हाका मारतो. तो प्रवेश गावानं बघावा, एवढ्यासाठीच गुरुजींनी नाटक लिहिलं होतं.

प्रयोगाच्या रात्री मी मंत्रिपदाची शपथ घेतली आणि सरपंच शाल-नारळ घेऊन थेट स्टेजवर आले. मंत्री गावात आला की सत्कार करायचा, ही आमची रीत.

"सायेब, तिकडं जर्मनीत काय करायचं ते करा," ते माईकवर म्हणाले, "पण आमच्या पठारावर पाणी आलं पायजे."

टाळ्या पडल्या. मीही निर्लज्जपणे आश्वासन दिलं. सत्कार झाला म्हणजे कार्यक्रम संपला, असं समजून लोक उठून घरी गेले.

गुरुजी मात्र समोर बसून होते. "म्हण आता," ते म्हणाले.

मी शाल काढली आणि त्यांच्या एकट्यासाठी सगळा प्रवेश केला. शिपायांना एकेक करून हाका मारल्या. गुरुजींनी डोळे पुसले. "परत एकदा. घाई करू नकोस."

पुढे भरलेल्या सभागृहांत पुष्कळ कामं केली, पण इतकं बारकाईनं मला कुणी पाहिलं नाही. ते पाहणं मला अजून हवं असतं.