रांजणाची राखण

टिचकीशेठ हे नाव त्यांना गल्लीने दिलेले. कपबश्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हाती वस्तू देण्यापूर्वी ते तिला बोटाने टिचकी मारीत आणि कान लावीत. डोळ्यांना न दिसणारा तडा आवाजात सापडतो, यावर त्यांची निष्ठा होती. तेवढी निष्ठा माणसांच्या वाट्याला क्वचितच आली. दूधवाला, डॉक्टर, थोरला जावई, सारेच त्यांच्या लेखी वरून झिलई दिलेले आणि आतून पोकळ.

धाकट्या मुलीला वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली तेव्हा हा संशय घरात शिरला. प्राचीन इजिप्तच्या प्रदर्शनात एका दालनाची राखण तिच्याकडे होती. प्रदर्शन निर्विघ्न पार पडले तर नोकरी कायम. कुणा प्रेक्षकाचा हात वस्तूला लागला तर त्याच दिवशी निरोप.

"वस्तू खऱ्या असत्या तर तुझ्या हवाली केल्या असत्या का? तुझ्या हातून साखरेची बरणी धड राहत नाही," शेठ म्हणाले.

"मग या की बघायला!"

ते गेले, पण बघायला नव्हे, लबाडी पकडायला. दालनातला मंद उजेड पाहूनच त्यांना हसू आले. तडकलेला माल खपवायचा तर दिवा कमी ठेवावा, ही युक्ती त्यांना नवी नव्हती. पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममीपुढे ते थबकले.

"आत कोण आहे ते कुणी पाहिलंय?" त्यांनी शेजारच्या गृहस्थांना विचारले.

"क्ष-किरणांनी पाहतात म्हणे."

"म्हणे!" शेठनी तेवढाच शब्द उचलला.

दालनाच्या टोकाला, दोराच्या कुंपणाआड, बुटक्या चौथऱ्यावर मातीचा एक रांजण उघडाच उभा होता. तो हजारो वर्षांपूर्वी एका थडग्यात तेल भरून ठेवला होता, असे फलक सांगत होता.

"आमचा कप घरी पोचेपर्यंत टिकत नाही, आणि हा एवढी वर्षं?" शेठ पुटपुटले.

मुलगी भिंतीशी खुर्चीवर होती; पलीकडे तिच्या वरिष्ठ बाई. शेठनी ओळख दाखवली नाही. एका टिचकीसरशी बिंग फुटणार या खात्रीने त्यांनी दोरावरून हात लांबवला, बोट वाकवले.

"काका, हात मागे!"

दुसराच कुणी काका असावा, म्हणून शेठनी वळून पाहिले.

"तुम्हालाच सांगतेय. अलीकडे या." मुलीने मध्ये येऊन हात आडवा धरला.

"अगं, नुसती टिचकी..."

"टिचकी नाही आणि फुंकरही नाही. मागे व्हा, नाहीतर बाहेर जावं लागेल."

बाई लगबगीने आल्या. "ओळखीचे आहेत?"

"वडील आहेत," मुलगी म्हणाली. तिचा हात अजून बाप आणि रांजण यांच्यामध्ये आडवा होता.

"हात लागला?" बाईंनी शेठना विचारले. "मुलीकडे बघू नका. खरं सांगा."

शेठचा शब्द असा कुणी कधी ठोकून पाहिला नव्हता, आणि आज नेमके त्याच शब्दावर मुलीचे पोट अवलंबून होते.

"नाही लागला हो. लागू दिलाच नाही तिनं."

बाईंनी विजेरीचा झोत पाडून रांजण चहूबाजूंनी न्याहाळला, मग शेठचे बोटही. "खुर्ची दोराजवळ घेऊन बस," त्या मुलीला म्हणाल्या. "आणि घरची माणसं येणार असली तर आधी कळवत जा." त्या गेल्या.

रांजणाविषयीचा संशय काही फिटला नव्हता. तरी शेठनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि हळूच विचारले, "ठेवतील ना गं तुला?"

"काका, पुढे चला. मागे लोक खोळंबलेत."