सत्काराची उरलेली शाल

काल कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी अमेरिकेतल्या शॉमबर्गचा तो हॉल आठवला. आमच्या मराठी मंडळाची २००६ची संक्रांत होती. बर्फामुळे प्रमुख पाहुण्यांची फ्लाइट कॅन्सल झाली होती आणि डांबरगोळ्यांच्या वासाची सत्काराची शाल मंडळाच्या अध्यक्ष काकूंच्या पिशवीत तशीच पडून होती.

आमच्या मंडळानंतर हॉल इटालियन क्लबने घेतलेला. त्यांची गायिका लवकर येऊन मागच्या खुर्चीवर बसली होती. साठीची, लालभडक लिपस्टिक लावलेली. एके काळी इटलीत हिची गाणी घरोघरी वाजायची, असं तिला सोडायला आलेल्या गृहस्थांनी मला सांगितलं. मी ते काकूंच्या कानावर घातलं.

"कलाकार आहे ना? मग बोलाव तिला स्टेजवर," काकू म्हणाल्या. "शाल परत कुठे नेऊ?"

शाल पांघरली, नारळ दिला, हातावर तिळगूळ ठेवला. टाळ्या झाल्या. तिने घसा साफ करून माइक हातात घेतला, तेवढ्यात जेवणाची अनाउन्समेंट झाली आणि सगळे उठले.

"मी गायचं ना?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

"नाही, नाही. फक्त सत्कार होता," मी म्हणालो.

"चला, शाल मार्गी लागली," जेवताना काकू म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं होतं.

गेल्या वर्षी ती वारली. नेटवरच्या बातमीत तिच्या शेवटच्या कार्यक्रमाचा फोटो होता आणि खांद्यावर तीच शाल. खालची ओळ ट्रान्सलेट करून पाहिली. अमेरिकेतल्या चाहत्यांनी भेट दिलेली शाल, असं लिहिलं होतं.

तिचं गाणं मी अजून ऐकलेलं नाही.