गिरजाच्या दाराची कमान

मिस्तरीबाबा भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." एवढंच. मग तुम्ही पाया पडा, नाहीतर भांडा.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण हे मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार नाही.

आमच्या बऱ्हाणपूरचा गिरजा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं चर्च, तुम्ही पाहिला असेल. मागचा भाग गोऱ्या साहेबांच्या वेळचा. त्याचे दगड मिस्तरीबाबांनी जवानीत डोक्यावर वाहिले. पुढे संस्थानं विलीन होत होती, त्या वर्षांत साहेब लोक आपल्या मुलखात गेले आणि गिरजा इथल्या मंडळीच्या हाती आला. मंडळीनं ठरवलं, समोर नवं दार करायचं, दगडी कमानीचं. बाबा त्यांच्यातलेच. मी हिंदू, पण थापी धरायला त्यांच्याच हाताखाली शिकलो.

सिमेंट मिळत नव्हतं. चुना बैलानं ओढायच्या दगडी घाणीत मळायचा, त्यात गूळ अन् बेलफळाचं पाणी. बाबा चुना जिभेला लावून बघत.

"काय बाबा, मीठ बरोबर आहे न?"

"तुझ्या सासरी जेवशील न, तेव्हा विचार."

त्यांचा एकच हट्ट होता. या दारातून पहिली नवरी त्यांची लेक जाणार. मंडळीच्या पंचांनी हसून हो म्हटलं होतं.

कमान जुळली. खाली लाकडी साचा, साच्याखाली पाचरी. पाचरी काढल्या की साचा उतरतो आणि कमान आपल्या भारावर उभी राहते. पण आत चुना वाळलेला पाहिजे. रोज सकाळी मी विचारायचो, "बाबा, काढू का?" टकटक. कान. "अजून नाही."

तेव्हा राज्यांच्या सीमा नव्यानं आखायची चर्चा चालली होती. पंच येऊन टोचायचे. "काय मिस्तरी, आपलं बऱ्हाणपूर मुंबई राज्यात गेल्यावर दार उघडता का?"

"गाव कुठंही जाऊ द्या साहेब. चुना त्याच्या मर्जीनंच वाळणार."

एक पंच माझ्याकडे वळून बोलला, "हा मिस्तरी असता तर केव्हाच झालं असतं." ते मला फार गोड लागलं. खोटं कशाला सांगू?

बाबा लेकीची सोयरीक पक्की करायला तुकईथडला गेले. जाताना बजावलं, "हात लावू नको हां." दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाचरी ठोकून काढल्या. मलाही मिस्तरी म्हणवून घ्यायचं होतं. आधी माथ्यावरचा मधला दगड सरकला, मग सगळी कमान खाली. खाली कुणी नव्हतं, एवढंच.

बाबा परतले तेव्हा पंच दारात जमलेले. बाबांनी एक पाचर उचलली, तिच्यावरचे हातोडीचे ताजे घाव बघितले. मग मला बघितलं.

"मीच सांगून गेलो होतो काढायला," ते म्हणाले. "माझा अंदाज चुकला."

मी खाली बसून पाचरी गोळा करू लागलो.

पंचांनी खंडव्याहून दुसरा मिस्तरी आणला, कुठून तरी सिमेंट मिळवलं आणि दारावर सरळ तुळई टाकली. त्या दारातून पहिली नवरी दुसऱ्याचीच गेली. बाबांच्या लेकीचं लग्न तुकईथडला लागलं. गिरजाचं काम बाबांना पुन्हा कुणी सांगितलं नाही. दर रविवारी ते बाजूच्या जुन्या दारानं आत जात. कमानीचा मधला दगड तिथं पडला होता, त्यावर बसून वहाणा काढत.

एकदा तिथंच त्यांना गाठलं. "बाबा, खोटं का बोललात?"

"तुला अजून खूप भिंती बांधायच्या आहेत. माझ्या झाल्या."

"मी सांगतो पंचांना. सांगू का?"

त्यांनी दगडावर पेर वाजवलं, कान लावल्यासारखं केलं आणि हसले. "अजून नाही."

मी त्या शब्दाआड लपलो. लोक मला मिस्तरी म्हणू लागले. बाबा गावात भेटले की मी आधी राम राम घालायचो आणि पाय उचलायचो.

ते गेले तेव्हा त्यांची पेटी समोरच्या नव्या दारातून बाहेर काढली. त्या दारातून बाबा तेवढे एकदाच गेले. खांदा द्यायला मी होतो. मान वर करून तुळईकडे बघवलं नाही. कब्रस्तानात दोरांनी पेटी खाली सोडली. एका दोराचं टोक माझ्या हातात. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दोर काढा आता."

बाकीच्यांनी काढले. मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. ते पुन्हा म्हणाले, "काढा भाऊ."

"अजून नाही," मी म्हणालो.