दोन दिवस डोळ्याला पाणी नको

माझी मान आता उजवीकडे पूर्ण वळत नाही. पवनीत नकली पापण्या लावायचं दुकान टाकून सात वर्षं झाली, आणि ती सगळी मी लोकांच्या डोळ्यांवर वाकून काढली. सुरुवातीला गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "डोळ्याले गोंद लावते म्हने तुमची सून," असं माझ्यासमोरच माझ्या सासूला सांगायच्या. आता त्यांच्याच सुना येतात आणि दोन-दोन तास डोळे मिटून माझ्या पलंगावर पडून राहतात. दिवसाउजेडी आडवं व्हायची सोय त्यांना दुसरीकडे कुठे नाही, त्यामुळे निम्म्या तर चक्क घोरतात. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

काम भारी किचकट. खालच्या पापण्या जेलच्या पट्टीखाली झाकायच्या. मग एका चिमट्याने वरच्या पापणीचा एकच केस वेगळा काढायचा आणि दुसऱ्या चिमट्यातला नकली केस ग्लूला टेकवून त्याच्यावर बसवायचा. चुकून दोन केस एकमेकांना चिकटले तर वाढताना ओढ बसते आणि मुळासकट निघतात. ग्लू कातडीला लागू द्यायचा नाही. काम संपेपर्यंत डोळा उघडू द्यायचा नाही. चिमटे दर वेळी धुऊन, औषधात बुडवून ठेवायचे. आणि हे सगळं श्वास आवरून, कारण माझ्या श्वासानेही ते केस हलतात.

सुरुवातीला एकदा घाईत मी टेस्ट न करताच एकीला लॅशेस लावल्या होत्या. आसगावची शिक्षिका होती. दुसऱ्या दिवशी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या की डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा राहिल्या. मी स्वतः तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डोळे बरे झाले, पण चार दिवस ती शाळेत काळा चष्मा लावून शिकवत होती. तेव्हापासून कोणीही येवो, आधी कोपऱ्यातल्या दोन-चार केसांना ग्लू लावते आणि दोन दिवस वाट बघते. नवरी रुसली तरी बघते. डोळ्यांच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, असं माझं नाव झालं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

तीन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईने आपल्या मुलीला आणलं. या बाईचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. तेव्हापासून ती पवनीत राहते आणि बाजारात मासोळ्या विकते. नवरा नाही. माझ्यावर तिचा फार विश्वास. बारावीनंतर पोरीला नर्सिंगला घाला, हे मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं, आणि तिने ऐकलं होतं. पोरीचं आता शेवटचं वर्ष राहिलं होतं. पण मध्येच चांगलं स्थळ आलं आणि लग्न ठरलं.

टेस्ट झाली, काही त्रास झाला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी पलंगावर झोपली. आई बाहेरच्या बाकड्यावर बसली. संध्याकाळी तिची हळद होती. सकाळपासून माझ्याकडे लागोपाठ दोन गिऱ्हाइकं झाली होती आणि ही तिसरी. मानेपासून कमरेपर्यंत नुसता ठणका लागला होता.

डावा डोळा झाला. उजवा अर्धा झाला आणि पट्टी ओली लागली. मला वाटलं ग्लूची वाफ झोंबली. हातपंख्याने वारा घातला, टिपलं, तर परत ओल. ओल लागली की ग्लू जागच्या जागी पांढरा पडतो, केलेलं काम वाया जातं.

"झोंबून राहिलं का?" मी विचारलं.

"नाही मावशी," ती डोळे मिटूनच म्हणाली. "ते लोकं शिकू देत नाही म्हनतेत. लग्न झाल्यावर कॉलेज बंद."

माझा चिमटा हवेतच राहिला.

"लग्नाले मी नाही म्हनत नाही. पन एकच वर्ष राह्यलं हो माह्यं. तुम्ही सांगता का मायले? तुमचं आयकते ते. आज सांगितलं तं ते त्याइच्यासंग बोलन. उद्या कोन बोलनार?"

खरं तर तेव्हाच दिवा बंद करून उठायला हवं होतं. आई दहा पावलांवर होती. मी म्हणाले, "आधी रडनं बंद कर. ग्लू आत गेला तं आग होईन डोळ्याची. हे होऊ दे, मंग मी बोलतो तिच्यासंग."

ती गप्प झाली. इतकी शहाण्यासारखी गप्प झाली की पुढचा पाऊण तास पट्टी कोरडी राहिली. मी एकेक केस बसवत गेले.

काम संपलं तसं आईने दारातून डोकं आत घातलं. "झालं का ताई? हळदीचा टाइम होऊन राहिला." पोरीकडे बघून ती हरखली, तिची हनुवटी धरून इकडे-तिकडे फिरवून बघत राहिली. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काय बोलले? "हळदीच्या तेलाचा हात डोळ्याले लागू देऊ नोको. चोळू नोको. दोन दिवस डोळ्याले पानी नोको, अन् रडू तं बिलकुल नोको." एवढं पाठ केलेलं सगळं बोलले, बरोबर बोलले, एक शब्द सुटला नाही. बोलायचं होतं ते सोडून. मला तेव्हा फक्त पाय पसरून बसायचं होतं. त्यांच्या घरी पाहुणे आलेत, ही काय वेळ आहे, नंतर बघू, असं मी मनाला सांगितलं. थकलेल्या माणसाला कारणं लगेच सुचतात.

लग्न छान झालं. बुद्धवंदना झाली, हार घातले, जेवणं झाली. पांढऱ्या साडीत पोरगी देखणी दिसत होती आणि तिच्या पापण्यांचं सगळ्या बाया कौतुक करत होत्या. पाठवणीला आई धाय मोकलून रडली. मुलगी रडली नाही. आईच्या गळ्यात पडली तरी डोळे कोरडे. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "पाह्य वं, मायले सोडून चालली अन् डोळ्यात टिपूस नाही. कायची पोरगी हे." दुसरी म्हणाली, आजकालच्या पोरी अशाच. मी त्या दोघींमध्ये उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. गाडीत बसताना तिने एकदा मान वर करून डोळे मोठे केले, येणारं पाणी मागे लोटावं तसे. ते फक्त मला कळलं. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

वीस-बावीस दिवसांनी ती माहेरी आली तेव्हा आईला घेऊन दुकानात आली. सासूला लॅशेस आवडत नव्हत्या, काढून टाकायच्या होत्या. आई बाकड्यावर बसली. मी मुळापाशी क्रीम लावून ग्लू सैल केला आणि न ओढता केस उतरवत गेले. निम्मे तसेही गळून गेले होते.

"बिदाईले रडली नाहीस तू," मी म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतं न. दोन दिवस." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तिच्या पापण्या पुसून कोरड्या केल्या आणि दिवा बाजूला सरकवला. तिने डोळे उघडले, तिचे स्वतःचे, विरळ झालेले. म्हणाली, "आता पानी लागलं तं चालते?"

"चालते," मी म्हणाले.

मग ती रडली. पलंगाच्या काठावर बसून, दोन्ही तळहात तोंडावर धरून, पाठवणीपासूनचं सगळं रडली. दुकान टाकल्यापासून पहिल्यांदा मी त्या पलंगावर गिऱ्हाइकाशेजारी बसले. हातात चिमटा नव्हता, त्यामुळे हाताचं काय करावं ते कळेना. शेवटी तिच्या पाठीवर ठेवला. उशीर झाला होता, मला माहीत होतं. कॉलेजवाले तिला परत घेतील की नाही, सासरचे ऐकतील की नाही, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं.

बाहेरून आईने हाक मारली, "झालं का ताई?"

"नाही झालं," मी म्हणाले. "तुम्ही आत या. बसा. बोलायचं हाय."